पाण्यावरची रेघ

त्या वर्षी जावळीत थंडी पडलीच नाही. डिसेंबर सरत आला तरी मेढ्याच्या बाजारात स्वेटरांचे ढीग तसेच पडून होते, आणि कोयना धरणाच्या फुगवट्यातलं पाणी सकाळी हात घातला तरी कोमट लागायचं. मिलिंद भिंगारदेवेला त्याचं बरंच वाटलं. बायकोला बोटीवर राहायला आणायचं, तर थंडीचीच काय ती धास्ती होती.

मिलिंदनं उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनांशी काढला होता. निवृत्त झाल्यावर त्यानं कोकणातनं एक जुनी केबिनची बोट घेतली, ट्रेलरवर घालून घाट चढवून आणली आणि बामणोलीच्या अलीकडे एका तरंगत्या धक्क्याला बांधली. उन्हाळा लागेपर्यंत बोटीवरच राहायचं, मनात आलं की दोर सोडून तापोळ्याकडं भटकून यायचं, असा त्याचा बेत. दोघंच. मूलबाळ नव्हतं, आणि इतकी वर्षं तो दर्यावर नि ती घरी, असाच संसार झालेला.

प्रियदर्शनी आली खरी, पण मलकापूरच्या फ्लॅटला कुलूप लावताना तिचा चेहरा उतरला होता. सरकारी दवाखान्यात वॉर्डाची सिस्टर म्हणून तिनं नोकरी केलेली. भोवती सतत माणसं लागायची तिला. इथं समोर पाणी, मागं डोंगर, आणि बोलायला फक्त केरबा. केरबा धक्क्याची राखण करायचा आणि लाँचमधनं माणसांना पैलतीरी पोचवायचा.

दिवस मात्र भराभर जायचे. सकाळी पिण्याच्या पाण्याचे कॅन चढवायचे, छतावरचं सोलर पुसायचं, कठड्याला कपडे वाळत घालायचे. धरणाचं पाणी रोज थोडं उतरायचं, त्याबरोबर धक्का खाली जायचा, मग काठाला टेकवलेली फळी सरकवून घ्यायची. दुपारी प्रियदर्शनी छोट्या शेगडीवर भाकऱ्या थापायची आणि मिलिंद इंजिनाच्या खोक्यात डोकं घालून बसायचा.

एके सकाळी दात घासता घासता तो वाकला आणि थबकला. बोटीच्या कुशीवर, पाण्याच्या जरा वर, त्यानं स्वतः पांढरी रेघ ओढलेली होती. ती दिसेना. ती पाण्याखाली गेली होती.

धरणाचं पाणी चढो की उतरो, तरंगणाऱ्या बोटीला त्याचं देणंघेणं नसतं. बोट खाली बसते ती आत पाणी शिरलं तर, नाहीतर ओझं वाढलं तर. मिलिंदनं तळाच्या फळ्या उचलल्या. आत धूळ होती. पंप लावला, तो कोरडाच घरघरला. डिझेलची टाकी निम्मी होती. सामान तेच, माणसं तीच.

दोन दिवसांनी रेघ आणखी खोल गेली.

"पाव्हणं आल्यात व्हय साहेब?" केरबानं लाँच बांधता बांधता विचारलं.

"नाही. का रे?"

"न्हाई, बोट लय बसल्याली दिसतीया. पैलतीरावनंबी कळतंय." तो आणखी काही बोलेल असं वाटलं, पण त्यानं दोराची गाठ आवळली आणि धक्क्यावर न रेंगाळता निघून गेला.

मिलिंदनं जड म्हणून जे जे होतं ते उतरवलं. जादा बॅटऱ्या, नांगर, हत्यारांची पेटी, सगळं धक्क्यावर मांडलं. बोट केसभरही उचलली नाही. भुताखेतांचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. त्याच्या आज्यानं देव्हारा उचलून ओढ्यात सोडला, तेव्हापासून त्या घरात असल्या गोष्टी बाद होत्या. केबिनमध्ये बुद्धाची एक लहान मूर्ती होती, तीही प्रियदर्शनीनं ती शांत दिसते म्हणून ठेवलेली. मिलिंदला फक्त कारण हवं होतं.

त्या दिवसांत त्याचं बायकोकडं लक्ष गेलं. ती रुळली होती. सकाळी गुणगुणायची. पण केबिनमधल्या अरुंद वाटेनं जाताना ती मधेच थांबून अंग चोरायची, कुणाला तरी वाट दिल्यासारखी. लांब बाकावर बसायची ती अगदी कडेला. चहाचं भांडंही मोठं चढवायची.

"एवढा चहा?" त्यानं विचारलं.

"लागतो," ती म्हणाली.

भांडं रिकामं झालेलं त्यानं पाहिलं. कप दोनच उष्टे होते.

शेवटी त्यानं ठरवलं, बोटीच्या बुडाला काही अडकलंय का ते स्वतः बघायचं. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तो पोहायचा चष्मा लावून पाण्यात उतरला. पाणी अंगाच्याच ऊबेचं होतं. दम रोखून तो बोटीखाली गेला आणि सुकाणूला धरून राहिला. बूड स्वच्छ होतं. ना जाळं, ना ओंडका. खाली हिरवट अंधार, आणि त्यात काही नाही.

मग वरून आवाज आला.

पावलांचा. अनवाणी पावलं, एकामागून एक, डाव्या बाजूनं उजवीकडं निघालेली. बाजाराच्या दिवशी एसटी लागली की माणसं जशी एकदम एका अंगाला सरकतात, तशी. त्यांच्याबरोबर बोटीचं बूड त्याच्या डोक्यावर हळूहळू उजवीकडं कललं.

तो धडपडत वर आला. उजव्या बाजूच्या कठड्याशी प्रियदर्शनी एकटी बसली होती. मांडीवर सुपात पावट्याच्या शेंगा.

"कोण चालत होतं वर?"

"कुठं?"

"प्रिया, बोट कललीय."

"तुम्ही लवकर वर येईनात. बघायला आले असतील," ती म्हणाली आणि शेंग सोलू लागली.

मिलिंद पाण्यातच राहिला. त्यानं धक्क्याची कड धरली.

"कोण?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी कधी विचारलं नाही. वॉर्डात आलेल्याला नाव नंतर विचारायचं असतं, आधी जागा द्यायची असते." मग म्हणाली, "तुम्ही जहाजावर असायचात. दोन खोल्यांत मी एकटी. फोनवर तुम्ही गॅस संपला का विचारायचात, लाइट बिल भरलं का विचारायचात. कशी राहतेस, असं एकदा तरी विचारलंत?"

त्यानं कधी विचारलं नव्हतं, हे खरं होतं.

"इथं मला एकटं वाटत नाही," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून त्याला मघाशी पाण्याखाली वाटली त्यापेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पाणी बोटीच्या कुशीतल्या हवेच्या झरोक्यांपर्यंत चढलं. लाँच जवळनं गेली की लाट केबिनच्या काचेला लागायची. आणखी दोन बोटं, की पाणी आत. बोट जागच्या जागी बुडाली असती.

"उतर," मिलिंद म्हणाला. "घरी जायचंय."

त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिनं मुकाट्यानं पिशवी भरली, मूर्ती पदरात गुंडाळली आणि धक्क्यावर पाय ठेवला. ठेवला आणि तिथंच वळून उभी राहिली.

मिलिंद अजून बोटीवर होता. त्याला पायाखाली हिसका बसला.

बोट बोटभर वर आली.

पुन्हा हिसका. पुन्हा बोटभर.

प्रियदर्शनीनं हात पुढं केला होता, म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरवताना करावा तसा.

हिसका. मग आणखी एक. मग एक हलका, लहान मुलाचा असावा तसा.

पांढरी रेघ पाण्याबाहेर आली. ओली, चकचकीत.

आणि धक्का खाली बसू लागला. त्याखालचे निळे बॅरल करकरले, फळ्यांवर पाणी आलं, प्रियदर्शनीचे घोटे भिजले.

"चला, सावकाश," ती म्हणाली आणि काठाकडं निघाली.

केरबा वाटेत उभा होता. त्यानं डोक्याची टोपी काढली, वाटेवरून बाजूला होऊन करवंदीच्या जाळीत शिरला आणि तिथंच खाली मान घालून उभा राहिला. प्रियदर्शनी केव्हाच पुढं गेली. तो मात्र बराच वेळ तसाच उभा होता.

मिलिंदनं गाडी काढली. मेढ्यातल्या पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं बूड खरवडलं. उंब्रज मागं पडलं तरी ती खिडकीला चिकटून बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मागच्या आरशात बघायचं मिलिंदनं टाळलं.

मलकापूरला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. नेहमीची संध्याकाळ. मिलिंदच्या छातीवरचा दगड जरा हलला. दोघं लिफ्टमध्ये शिरली. त्यानं चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.

लिफ्टनं बीप केलं. दार मिटेना. वरची लाल अक्षरं सांगत होती, वजन जास्त झालंय.

मिलिंद बाहेर आला. लिफ्टमध्ये आता एकटी प्रियदर्शनी. बीप चालूच.

तिनं मागं वळून पाहिलं. वॉर्डात भेटीची वेळ संपल्यावर नातेवाईकांना सांगायची, त्या मऊ पण ठाम आवाजात म्हणाली, "निम्मे जण पुढच्या खेपेला या."

बीप थांबलं. दार मिटलं. लिफ्ट वर गेली.

थोड्या वेळानं लिफ्ट खाली परत आली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. मिलिंद भिंतीला पाठ लावून उभा होता, त्यानं पाऊल उचललं नाही.

लिफ्टचा तळ त्याच्या डोळ्यांदेखत बोटभर खाली बसला. दार मिटलं. आणि ती सावकाश वर निघून गेली.