मागचं डावं दार

थोरलीने गाडी घेतली ती आईसाठी. पडल्यापासून वर्षभर आईला काठी असूनही कुणी धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, आणि व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं म्हणजे भाड्याच्या गाड्यांची वाट बघून दोघींच्या नाकी नऊ यायचे. धाकटी लांब राहायची, त्यामुळे सगळं हिच्याच गळ्यात. म्हणून ही राखाडी, सेकंडहँड गाडी. चौघं बसले की पाचव्याने श्वास घेऊ नये, एवढीशी.

इंजिन, टायर, ब्रेक, सगळं तिने माहितगाराकडून तपासून घेतलं होतं. खोट एकच निघाली. मागचं डावं दार आतून उघडत नसे.

"बाकी गाडी सोन्यासारखी आहे," विकणारा म्हणाला होता. "ते दार तेवढं आहे तसंच राहू द्या."

पण आई नेमकी त्याच दाराशी बसायची. "मी काय कैदी आहे का गं, थोरले?" दोन महिने ती रोज कुरकुरत होती. "पाय गेले, हात तरी चालतात ना माझे? दार मला उघडू दे."

म्हणून एका सकाळी आईला चहा देऊन थोरली एकटीच गॅरेजमध्ये गेली. ऑइल बदलायचं होतंच. मेकॅनिक तिच्याच वयाचा, तोंडाने फटकळ.

"चाइल्ड लॉक लागलं असेल, ताई. पोरांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून असतं ते. एक खटका सरकवला की झालं."

खटका सरकवला. तरी दार उघडेना. मग त्याने दाराचं आतलं कव्हर काढलं, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि झटकन हात मागे घेतला.

"काय झालं?"

"हा बिघाड नाहीये." त्याचा आवाज उतरला होता. "कुणीतरी मुद्दाम तार गुंडाळलीय. एकाने नाही... ही गंजकी बघा, तिच्यावर ही दुसरी, वर ही तांब्याची. प्रत्येक मालकाने आपापली घातलेली दिसतेय."

आतून कोंदट वास आला, वर्षानुवर्षं न उघडलेल्या खोलीसारखा. राहू द्या, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं. पण आईचा 'कैदी' हा शब्द तिला खुपत होता.

"काढा," ती म्हणाली.

पक्कडीने एकेक तार तुटत गेली. शेवटची तुटली तेव्हा दोघंही बाहेर उभे होते. गाडीत कुणी नव्हतं. आतल्या हँडलचा खट् आवाज झाला. दार सावकाश, पूर्ण उघडलं. गाडी डावीकडे कलली... आणि जड माणूस उतरल्यावर हलकी होते तशी वर उचलली गेली.

भर सकाळ. समोर रस्त्यावर वर्दळ. थोरलीच्या गालाजवळून काहीतरी गार सरकलं.

"उतरलं..." मेकॅनिक पुटपुटला.

"कोण?"

"मला काय विचारता, ताई? गेलं ना? सुंठीवाचून खोकला गेला म्हणा आणि घरी जा."

गाडी आता पिसासारखी पळत होती. थोरलीला हायसं वाटलं. गेलं ते गेलं, आपलं घर त्याला कुठून ठाऊक असणार? आणि मग तिच्या लक्षात आलं. दोन महिने आई त्याच्याच सोबत बसून रोज घरी येत होती.

तिने गाडी कडेला घेऊन फोन लावला.

आईचा आवाज आनंदाने कापत होता. "अगं, कुणाला पाठवलंस गं? भला माणूस आहे. माझा हात धरून मला अख्खं घर फिरवलं. काठीशिवाय!"

"आई... ऐक माझं. हात सोड त्याचा."

"बरं बाई, सोडते." मग अगदी हळू, "थोरले... तो सोडत नाहीये गं."

ती पोचली तेव्हा घर उघडंच होतं. आई खोलीच्या मधोमध उभी होती. उजवा हात सरळ वर, डोक्याच्याही वर, मोठ्या माणसाचं बोट धरलेल्या लहान मुलासारखा. मनगटाची कातडी दबून पांढरी पडली होती. टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या.

थोरलीने धावत जाऊन आईच्या कमरेला मिठी मारली आणि सगळा जीव एकवटून खाली ओढलं. आई तसूभरही खाली आली नाही. उलट तिच्या पायांची बोटंही अलगद फरशीवरून उचलली गेली.

आई छताकडे बघत होती.

"थोरले," ती कुजबुजली, "हा अजून... पुरता उभा राहिला नाहीये गं."