टाकाचे डोळे

खोटं वाटत असेल तर मलकापूरला या. माझ्या स्टुडिओत मूळ फाइली आहेत. उघडून दाखवीन, पण मी पाठ फिरवून बसेन.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी, संध्याकाळी सातची वेळ. वडनेर भोलजीला निवृत्तीचं दुसरं लग्न होतं.

पहिली बायको जयमाला. माझी मावसबहीण. पाय घसरून विहिरीत पडली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

तरी फोटो काढायला मीच गेलो. पोटापुढं लाज टिकत नाही.

लाइट गेली होती. कॅमेऱ्यात रेड-आय कमी करायची सोय चालू केली. फ्लॅशआधी छोटा दिवा लुकलुकतो, बाहुली आकसते, डोळे लाल येत नाहीत.

कोणाचेच आले नाहीत.

फक्त नवरीच्या, करिष्माच्या गळ्यात...

दोन लाल ठिपके.

गळ्यात टाक होता. आपल्याकडं दुसरेपणाची बायको मेलेल्या सवतीची छोटी चांदीची प्रतिमा घालते, तो. फ्लॅशमध्ये डोळा लाल दिसतो तो आतल्या रक्तामुळं. चांदीत कुठलं रक्त?

स्टुडिओत येऊन ठिपके पुसले. पुढचा फोटो उघडला...

तिथंही होते.

एकशे बारा फोटो. सगळ्यांत.

मोठं करून पाहिलं. टाकाच्या डोळ्यांतली बाहुली काळीच होती. लाल होतं ते भोवतालचं पांढरं.



फ्लॅशनं बाहुली लाल होते, पांढरं कधीच नाही. या धंद्यात हे पहिल्याच महिन्यात कळतं. चार वर्षांपूर्वी एका बारशाच्या फोटोत जयमालाचं पांढरं असंच लाल होतं. तिची सासू अंबूबाई म्हणाली होती, "फ्लॅशनं झालं दीपक. साफ करून दे."

मला फरक कळला होता; पांढऱ्यात रक्त उतरतं ते गळा आवळल्यानं. मी साफ केलं.

दीड महिन्यानं जयमाला गेली.

जूनमध्ये निवृत्ती स्टुडिओत आला. मोबाइलमध्ये करिष्माचा फोटो. भर दुपारी, अंगणात काढलेला. फ्लॅश नाहीच.

"डोळे लाल आले. साफ करून दे."

"हे नाही होत."

"काऊन? मागच्या खेपेले तं झालं होतं."

तो गेल्यावर मी फोटो तसाच करिष्माच्या भावाला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. ती अजून वडनेरलाच आहे.

परवा मावशीचा फोन आला. तिच्या भिंतीवर जयमालाचा हार घातलेला फोटो आहे. बारशाचाच. मी साफ केलेला.

"दीपक, पोरीचे डोळे लाल होऊन राह्यले रे... काच पुसली, फोटो काढून पुसला. जाऊनच नाही राह्यलं. तू येऊन नीट करतं का?"

हाव म्हणालो.

अजून गेलो नाही.