हडळीच्या आडाचं पाणी

आडातलं पाणी आजही हातभर उतरलं होतं, आणि पिच्चरचे दिग्दर्शक आबासाहेब आडाच्या राखणदाराची, गहिनीनाथाची, मानगूट धरून उभे होते.

"हवालदार, हाच चोर! याला आत टाका, नाहीतर सामान भरून मी चाललो."

पिच्चरवाले गेले तर गावाचं काय होईल, हे सहादेव हवालदाराला ठाऊक होतं. बहात्तरचा दुष्काळ, नुसता वणवा. मिरजगावच्या बाजूला माणसं पाला शिजवून खात होती, आणि या भुताच्या पिच्चरपायी गावाला निदान मजुरी मिळत होती. हडळ पाण्यातून वर येते म्हणे, म्हणून कोरडा आड सिमेंटनं लिंपलेला. रोज टँकर येऊन त्यात भर घालायचा, आणि गावाला मात्र हात लावायची बंदी! काय म्हणावं या शहाणपणाला?

"गहिनीनाथ, राखणीला तूच हुतास ना?"

"व्हय. पन पांढऱ्या लुगड्यात हडळ आली, अन् म्या धूम ठोकली. पावलं बघा की!"

धुळीत खरोखरच लांबोडकी पावलं होती. काहींची बोटं आडाकडं, काहींची गावाकडं.

"सायेब, असली पावलं कशानं उठत्यात?" सहादेवानं आबासाहेबांना विचारलं.

"हडळीचे लाकडी जोडे आहेत, उलट्या पायांचे. पण नटी ते घालून दोन पावलांत आडवी होते. हडळ लांबून दाखवायची असली की तुमच्या गावची बायडाबाई ते घालून चालते."

सहादेव उकिडवा बसला. धुळीवर बोट फिरवलं. उठला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"आडाकडं बोटं केलेली पावलं खोल हायती. गावाकडची उथळ. मंग भरल्या घागरी कुनी आडावर आनल्या व्हय? न्हाई. ओझं गावाकडंच गेलं, जोडे उलटे हुते. भुताला कसलं आलंय वजन! आन् त्या जोड्यात भरली घागर घेऊन न अडखळता चालनारी बाई गावात एकच."

बायडाबाई गर्दीतून आपणहून पुढं आली.

"त्याला सोडा. म्याच नेलं. तान्ही लेकरं हायती त्या घरात वतलं."

"मागायचं होतंस, बाई," आबासाहेब म्हणाले.

"मागितलं हुतं की! तुमी न्हाई म्हनलात. हडळीला न्हाई म्हनायची कुनाची छाती हाय?"

आबासाहेबांनी गहिनीनाथाची मानगूट सोडली. ते आडात वाकून बघत राहिले, मग एकदम वळले.

"माझी तक्रार नाही, हवालदार. अहो, मीच गाढव! भीती पाण्यात नाहीच, ती कोरड्या आडात आहे. हडळ आता कोरड्या आडातून वर येईल. उरलेलं पाणी गावात वाटून टाका!"

गहिनीनाथ रडायलाच लागला. बायका घागरी आणायला पळाल्या. चोर सापडला आणि कुणी आतही गेलं नाही, म्हणून सहादेवाचा जीव भांड्यात पडला.

बायडाबाई तेवढी जागची हलली नाही.

"मंग सायेब," तिनं विचारलं, "उद्यापास्नं टँकर यायचा न्हाई व्हय?"