फातुरेमाचा नांगर

बारा वाजायला पाच मिनिटं उरली की बिबियाना कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवायची, ओले हात कमरेच्या वस्त्राला पुसायची आणि घंटेची दोरी धरून उभी राहायची. फातुरेमाच्या टेकडीवरच्या सरकारी ठाण्यावर तिला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत तिची सकाळची जपमाळ चुकली नव्हती, शुक्रवारचा उपवास मोडला नव्हता आणि दुपारची घंटाही राहिली नव्हती. तिन्ही गोष्टी तिच्या लेखी एकाच पंगतीतल्या.

आत कचेरीत कप्तान बेर्नार्दिनु लोबातु खाली फरशीकडे बघत उभे असत. छपराला त्यांनी एक बारीक भोक पाडून घेतलं होतं. त्यातून पडलेला कवडसा सरकत सरकत यायचा आणि फरशीत बसवलेल्या पितळी रेघेवर आला, की सूर्य बरोबर माथ्यावर. त्या क्षणी कप्तान हात वर करत, बिबियाना घंटेचा टोल देई, आणि ते लाकडी पेटीतल्या जहाजी घड्याळात डोकावत. नाविकांच्या पंचांगावरून त्या दिवसाची वेळ त्यांनी आधीच मांडून ठेवलेली असे. दोन्ही जुळलं की स्वारी खूश.

"बघितलंस बिबियाना? एका सेकंदाचा फरक नाही. तीन महासागर फिरलंय हे घड्याळ माझ्याबरोबर."

"हो सिन्योर. आणि कॉफी निवतेय."

चौदाव्या वर्षी ते पोर्तुगालच्या आरमारात शिरले. मोझांबिकच्या नद्यांतून त्यांनी तोफनौका नेली, मकावच्या वादळात तीन दिवस सुकाणूवरून हलले नाहीत. तीस वर्षांत एकही जहाज खडकावर घातलं नाही, एकदाही नांगर फरफटू दिला नाही. ही शेवटची गोष्ट पाहुण्यांना सांगायला ते तोंड उघडायचे, तोवर बिबियानानेच ती सांगून टाकलेली असे.

मग गुडघा गेला, आणि सरकारने त्यांना समुद्राऐवजी तिमोर बेटावरची ही टेकडी दिली. आले तेव्हा ते महिनाभर कुणाशी धड बोलले नव्हते. पुढे त्यांनी टेकडीचंच जहाज केलं. अंगण रोज धुतलं जाई. तासातासाला पहारा बदले. तीन कोसांवरून पाण्याचा पाट आला, कॉफीची रोपं लागली, तापाचं औषध घरोघर गेलं. रस्त्याच्या कामाला माणसं धरून आणली म्हणून गाव चिडलं, ते चिडणंही खोटं नव्हतं. पण शेजारच्या टेकडीवाल्यांनी कप्तानाला नावं ठेवली, की हेच गाव त्यांच्या अंगावर धावून जाई.

कप्तानांची जुनी तोफनौका दिली शहराच्या बंदरात मोडीत निघाली, तेव्हा त्यांनी तिचा नांगर मागून घेतला. तो वर चढवायला चाळीस माणसं, अकरा रेडे आणि आठ दिवस लागले. बिबियानाचा काका माऊकाली वाटेवर बसून सगळं बघत होता. टेकडीच्या देवघराची राखण त्याच्या घराण्याकडे होती. तोंडात कायम विडा आणि जिभेला हाड नाही.

"खाली एवढा समुद्र पडलाय, तर हा नांगर डोंगरावर नेतोय," तो म्हणाला. "उद्या मासे धरायला माडावर चढेल."

"काका, ऐकू येईल त्यांना."

"येऊ दे की. नऊ वर्षं झाली, कधीतरी ऐकावं माणसाने." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "बिबी, लोखंड रुतवायच्या आधी विचारलंय ना त्याने?"

तिमोर म्हणजे मगरआजोबांची पाठ, हे तिथे लहान मूलही जाणतं. उगवतीकडे निघालेले आजोबा दमून इथे थांबले, आणि त्यांच्या पाठीवर रान उगवलं. त्या पाठीत लोखंड घालायचं तर आधी विडा ठेवायचा, माणसाचं नाव सांगायचं, तो काय करतो ते सांगायचं, आणि परवानगी मागायची.

बिबियानाने कप्तानांकडे विषय काढला. ते मोठ्याने हसले. "मंत्र्यांची परवानगी घेतली, राजेसाहेबांची घेतली. आता टेकडीचीही घेऊ?"

म्हणून ती स्वतः गेली. पहाटे जपमाळ झाल्यावर, नांगराचा खड्डा भरायच्या आधी, तिने तळाशी पाच पानं ठेवली आणि वर सुपारी. सुपारी उभी चिरायची पण देठाकडे जोडलेलीच ठेवायची, ही तिच्या आईची रीत. गावात दुसरं कुणी तशी चिरत नसे. मग तिने नाव सांगितलं. हा ठाणेदार आहे, असं म्हणायचं तिने वाटेत ठरवलं होतं. पण ठाणेदार काय, येतात आणि जातात. तिची मान आपोआप ताठ झाली.

"हे कप्तान आहेत," ती मातीला म्हणाली.

रविवारी तिने पाद्रीबाबांपाशी विड्याचा कबुलीजबाब दिला. त्या शब्दाचा दिला नाही.

पहिल्या आठवड्यात कचेरीतला टांगता दिवा हलायला लागला. वारा नव्हता. तो हळू हलायचा, एका बाजूला जाऊन थांबायचा, मग परत यायचा. कप्तानांना त्याचं काही वाटलं नाही. उलट ते म्हणाले, की इतक्या वर्षांत अशी गाढ झोप लागली नव्हती.

मग पेल्यातली कॉफी एका कडेला चढलेली दिसू लागली. बिबियानाने मेजाच्या पायाखाली लाकडाच्या चिपा ठेवून पाहिल्या, मेज भिंतीपाशी सरकवलं. कॉफी उगवतीकडेच कललेली राहिली.

नांगर रोवला त्या चौथऱ्याभोवती त्याची साखळी वेटोळं करून ठेवलेली असे. एका सकाळी ती सुटून सरळ झालेली आढळली, टोक मावळतीकडे. सैनिकांनी वेटोळं परत घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरळ. पाण्यात चालत्या होडीमागे दोर पडावा, तशी. झेंड्याच्या काठीला खालून हातभर मीठ फुटलं होतं. बिबियानाने ते बोटावर घेऊन चाखलं आणि काठी धुऊन काढली.

आणि एका दुपारी कवडसा रेघेवर चार सेकंद लवकर आला.

कप्तानांनी घड्याळाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी आठ सेकंद. तिसऱ्या दिवशी बारा. त्या दुपारी त्यांनी कॉफी घेतली नाही.

"घड्याळ मागे पडतंय का, सिन्योर?"

"मागे पडतंय." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "नाहीतर आपण पुढे जातोय. चार सेकंद म्हणजे समुद्रावरचा एक मैल. रोज एक मैल, पूर्वेकडे." मग स्वतःशीच हसले. "घड्याळच असणार."

माऊकालीला तिने सांगितलं, तेव्हा तो विडा लावायचा थांबला. "ती आजोबांची जुनी वाट. इतकी वर्षं निजले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, की कप्तान वर चढलाय." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "बिबी, तू काय सांगितलंस?"

तिने सांगितलं.

"अगं बाई," तो म्हणाला, आणि हातातलं पान खाली ठेवलं.

त्याच महिन्यात लिस्बनहून हुकूम आला. कप्तानांची मुदत संपली होती. त्यांची मुलगी लेओनोर, नऊ वर्षांची असताना शेवटची पाहिलेली, आता एकविसाची होती. मार्चमध्ये तिचं लग्न होतं आणि वेदीपर्यंत बापानेच हात धरून न्यावं, असा तिचा हट्ट होता. कप्तान ते पत्र छातीच्या खिशात घेऊन फिरत. "बारा वर्षं, बिबियाना. चेहरा ओळखेन ना मी तिचा?" त्यांना कधी कशाची भीती वाटलेली तिने पाहिली नव्हती, ती तिथे दिसली. तिने लेओनोरसाठी स्वतःच्या मागावर शाल विणायला घेतली, आणि त्यांना सुखरूप जाऊ दे म्हणून नऊ दिवसांचं व्रत धरलं.

माऊकालीने एवढंच सांगितलं, "जाताना त्याने आजोबांना आपल्या तोंडाने म्हणावं, मी तुझा कप्तान नाही. एवढं म्हटलं की सुटला. नाही म्हटलं तर मला ठाऊक नाही."

जहाज आलं. त्याचा तरुण कप्तान सेआब्रा घोड्यावरून वर आला. लोबातुंनी निरोप पाठवून त्याच्याकडचं घड्याळ वर मागवलं होतं. आपलं घड्याळ ते ठाण्यालाच देऊन जाणार होते, आणि चुकीचं घड्याळ मागे ठेवून जाणं त्यांना पटणारं नव्हतं. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या. बिबियानाने दोरी धरली. कवडसा रेघेवर आला.

दोन्ही घड्याळं सेकंदाला सेकंद सारखी होती. दोन्ही म्हणत होती, की दुपार दोन मिनिटं चाळीस सेकंद लवकर झाली.

"माझं जहाज खाली खाडीत आहे, सर," सेआब्रा सावकाश म्हणाला. "नकाशात खाडी दाखवली आहे तिथेच. सकाळीच सूर्यावरून मोजलंय मी."

"चाळीस मैल," लोबातु म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज चढलं. "चाळीस दिवसांत. आणि एका पेल्याला तडा नाही."

सेआब्राने आपली पेटी उचलली. जेवायला तो थांबला नाही.

निघायच्या सकाळी बिबियाना त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिने विडा, नाव, तो शब्द, सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. तुम्ही फक्त एवढं म्हणा, सिन्योर. एक वाक्य. लेओनोरसाठी."

ते रागावले नाहीत. पांढऱ्या गणवेशात, दुखरा गुडघा ओढत नांगरापाशी गेले आणि टोपी काढली. गाव जमलं होतं.

कप्तानांनी तोंड उघडलं.

मिटलं.

पुन्हा उघडलं.

"तीस वर्षांत," ते शेवटी म्हणाले, "मी माझं जहाज कधी नाकारलं नाही."

त्यांनी टोपी घातली, नांगराला कडक सलाम केला आणि घोड्यावर बसले. बिबियाना रडली. आणि रडता रडता तिची मान पुन्हा ताठ झाली, ते तिला थांबवता आलं नाही.

त्या दिवशी दिवा हलला नाही. साखळी चौथऱ्यापाशी सैल पडली. दुसऱ्या दुपारी तिने स्वतः कवडसा पाहिला आणि टोल दिला. त्यांनी शिकवलं होतं तसं.

फरक तोच होता, दोन मिनिटं चाळीस. तिने देवाचे आभार मानले.

चौथ्या दिवशी फरक चार सेकंदांनी कमी झाला.

सकाळी साखळी ताणलेली होती. टोक उगवतीकडे.

नवा ठाणेदार पायदळातला होता. त्याला घड्याळाशी कर्तव्य नव्हतं. "वाजव बाई, तुला वाजवायची असेल तर," तो म्हणाला. ती वाजवत राहिली. चाराचे सहा झाले, सहाचे नऊ. जुना फरक केव्हाच भरून निघाला, आणि दुपार आता दिवसेंदिवस उशिरा होऊ लागली. नांगराच्या चौथऱ्याशी रोज सकाळी मूठभर तांबडी माती कमी दिसे. जपमाळ झाली की ती दुसरीकडून तेवढीच माती आणून तिथे लोटायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. माऊकालीलाही नाही, आणि तोही विचारत नसे.

पाच महिन्यांनी लेओनोरचं पत्र आलं. मिशनच्या शाळेत शिकलेली असल्याने बिबियानाने ते स्वतःच वाचलं.

बाबा सुखरूप पोचले. त्यांनी मला गर्दीतही लगेच ओळखलं. वेदीपर्यंत त्यांनीच नेलं. तुमची शाल माझ्या खांद्यावर होती, आणि बाबा असे चालत होते, की सगळे नवऱ्याऐवजी त्यांच्याकडेच बघत होते. तब्येत छान आहे. फक्त रोज दुपारी खिडकीत उभे राहतात आणि खिशातलं घड्याळ हातात धरतात. तुम्हाला विचारायला सांगतात, आज किती सेकंद? मी म्हटलं, कशाचे? तर म्हणाले, तिला कळेल.

बिबियानाने डोळे पुसले. पान उलटलं.

आणखी एक. आमच्या उंबऱ्यावर रोज सकाळी तांबडी माती पडलेली असते. मूठभरच. मोलकरीण वैतागली आहे. रात्रभर दार बंद असतं आणि आमच्या गल्लीत सगळी फरसबंदी आहे. बाबांना विचारलं तर नुसते हसतात. त्या मातीत परवा हे सापडलं. तुमच्याकडचं काही बी आहे का? सोबत पाठवते.

पाकिटाच्या तळाशी कागदाची पुडी होती. तिने ती हातावर उलटी केली.

चिमूटभर तांबडी माती. आणि एक वाळलेली सुपारी, उभी चिरलेली, देठाकडे जोडलेली.

तिने पुडी पुन्हा बांधली. मग उठली, हात धुतले आणि उत्तराचा कागद घेतला. लग्नाचे आशीर्वाद लिहिले. सुपारीबद्दल काही लिहिलं नाही. खाली, कप्तानांसाठी, तिने आजचा आकडा लिहिला: एकोणीस. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आणि ठसठशीत आलं.

शेजारी कॉफीचा पेला होता. कॉफी मावळतीच्या कडेला, पोर्तुगालच्या बाजूला, चढली होती, आणि कड ओलांडून थेंब थेंब मेजावर पडत होती.