रांगेतली जागा

बसा जरा टेकून. सांगते, पण मध्येच "असं कसं होईल" म्हणून हटकायचं नाही. असं कसं होईल ते मलाही ठाऊक नाही.

गावच्या डेअरीत दूध मोजून घ्यायचं काम माझं. खिडकीत काटा, बाहेर रांग. रोज सकाळी तीच माणसं, त्याच क्रमाने; कुणी मध्ये घुसलं की भांडण ठरलेलं. त्याच रांगेत एका सकाळी गावातलाच एकजण रानडुकरांसाठी ठेवलेली बंदूक घेऊन आला. का, ते कुणालाच कळलं नाही. सात माणसं जागच्या जागी गेली, आणि शेवटी त्याने स्वतःलाही संपवलं. माझ्या नवऱ्याच्या पोटात गोळी घुसली ती आतच राहिली. "काढायला गेलो तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले, "त्यांना नुसतं पडून राहू द्या."

डेअरी पुन्हा उघडली तेव्हा फरशी घासूनपुसून लख्ख केली होती, तरी फिनेलच्या खालून कसला तरी वास येतच होता. रांग लागली. बघते तर मध्येमध्ये मोकळ्या जागा.

"अहो, पुढे सरका की!" मी ओरडले. माझा आवाज मुळातच मोठा. सासूबाई म्हणतात, हिला भोंगा लागत नाही.

कुणी सरकलं नाही. "लोहार आहे ना पुढे…" एक बाई हळूच म्हणाली. त्या सातांतल्याच लोहाराला आम्ही सगळ्यांनी मिळून स्मशानात पोचवलं होतं.

रांग सरकायची तशा त्या जागाही सरकायच्या. मोकळी जागा खिडकीशी आली की सगळे गप्प थांबायचे, एकाचं दूध मोजायला लागतो तेवढा वेळ. मग मागचा माणूस पुढे यायचा. बंदूकवाल्यासाठी मात्र कुणी जागा सोडली नाही. दुःखाने माणसं खुळावतात, म्हणून मी चालवून घेतलं. पण त्या थांबलेल्या वेळात काट्यापाशी नुकत्याच काढलेल्या दुधाचा कोमट वास यायचा, आणि कुणीतरी कॅन टेकवल्यासारखा आवाज. मी मान वर करायची नाही.

मी रोज एवढंच बघायची, की शिंपीणबाईंच्या मागे, जिथे माझा नवरा उभा राहायचा, तिथे पोस्टमनकाका अगदी खेटून उभे आहेत ना. ते दिसले की माझ्या जिवात जीव यायचा. घरी गेले की हे अंथरुणातून विचारायचे, "माझी जागा ठेवलीय ना गं?"

"नाही ठेवली. बरं झालं," मी म्हणायची, आणि ते रुसून भिंतीकडे तोंड करायचे.

मग एक दिवस शिंपीणबाईंच्या मागे माणूस मावेल एवढी जागा मोकळी दिसली.

"काका, पुढे या!"

काकांनी किटली या हातातून त्या हातात घेतली. "येतोय गं पोरी… पाऊलच उचलत नाही."

"ते जिवंत आहेत! आत्ता चहा देऊन आलेय मी!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला त्यांचा असा संताप आला की एकेकाला गदागदा हलवावंसं वाटलं.

शिंपीणबाईंचं दूध घेतलं. त्या बाजूला झाल्या. जागा खिडकीशी आली. मी काटा बंद केला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. मोजलंच नाही तर ही जागा पुढे जाणार नाही, एवढंच डोक्यात होतं. ऊन चढलं. मागच्या कॅनमधून आंबूस वास यायला लागला. रांगेतलं कुणी हललं नाही, कुणी तक्रारही केली नाही… आणि माझ्या तळव्यांखाली काट्याची ताटली हळूहळू दबत होती. मी जोर लावलेला नव्हता.

एक हात काढून मी घरी फोन लावला. वाजत राहिला… वाजत राहिला… मग उचलला. त्यांचाच आवाज! मला रडूच कोसळलं.

"अहो, बरे आहात ना? पडूनच आहात ना?"

"अगं, रडतेस काय?" आवाज नेहमीचाच, जरासा वैतागलेला. "कधीचा उभा आहे तुझ्यासमोर. कॅन धरून हाताला रग लागली… घे ना आता."