रहमतबी आणि काचेपलीकडचं पाणी

"अम्मी, भाकर जळून राह्यली!"

सुनेचा, फिरदोसचा, आवाज कानावर आला तेव्हा तव्यावरून निळा धूर उठत होता. आणि चाळीस वर्षांत जिच्या हातच्या भाकरीला कधी काळा डाग पडला नाही, ती रहमतबी हातातल्या पिठाच्या गोळ्याकडे अशी पाहत होती, जणू तो गोळा आत्ताच काहीतरी बोलला होता!

आणि कारण तरी केवढंसं! नऊ वर्षांची नात उमेरा अंगणातून उड्या मारत आली होती आणि म्हणाली होती, "दादी, परवा आपन नागपूरले चाललो! मासे पाहाले! काचेच्या बोगद्यातून आपन चालायचं, अन् डोक्यावरून मासे!"

डोक्यावरून पाणी... रहमतबीच्या अंतःकरणात काहीतरी सुटलं आणि खोल, खोल जात राहिलं.

"कोन म्हनलं?" तिनं कसंबसं विचारलं.

"अब्बू! किसनसिंगची क्रूझर गाडीबी सांगून ठेवली!"

आर्णीत मोटारसायकली दुरुस्त करणारा तिचा मुलगा रहेमान... सावत्र मुलगा, पण पोटच्यासारखा, म्हणजे तिच्या बाजूनं तरी पोटच्यासारखा! तो स्वतःहून पाण्याकडे निघाला होता. ज्या दिवसाला रहमतबी तीस वर्षं दाराबाहेर थोपवून उभी होती, तो दिवस भाड्याच्या क्रूझरमध्ये बसून तिच्या दाराशी येत होता!

थोपवण्यात मात्र तिचा हातखंडा होता. रहेमान सातवीत असताना शाळेची सहल धरणावर निघाली, तर या बाईनं सकाळच्या चहात जमालगोटा घातला! पोरगं दिवसभर संडासात, सहल धरणावर, आणि सगळा मोहल्ला म्हणाला, "सावत्र ती सावत्रच!" रहेमान ते विसरला नव्हता. तो तिला अहो-जाहो करी, दवाखान्यात नेई, ईदला नवं लुगडं आणी; पण 'अम्मी' म्हणून हाक त्यानं कधी मारली नाही. 'छोटी अम्मी' म्हणे. त्या 'छोटी'त किती अंतर होतं, ते तिचं तिलाच ठाऊक!

कारण रहेमानची धाकटी बहीण अतिया, चार वर्षांची, गालावर खळी पडणारी, अरुणावती नदीच्या डोहात बुडाली होती. आणि ती बुडाली ती रहमतबीच्या बेपर्वाईनं, हे साऱ्या आर्णीला माहीत होतं. रहमतबीनंच तर सांगितलं होतं! पोरीला ओसरीवर झोपवलं, मी शेजारी इंदुताईकडे कुरड्या घालायला गेले, गप्पांत वेळ गेला, पोरगी उठून एकटीच नदीवर गेली... रहेमान तापानं घरात पडला होता, त्याला काही ठाऊक नाही... इंदुताईनंही खाली मान घालून "हो" म्हटलं होतं. त्यानंतर नवरा, अब्रारभाई, अकरा वर्षं जगला, पण बायकोशी एक शब्द बोलला नाही. समोर बसलेल्या बायकोला पाणी मागायचं, तरी तो पोराला सांगे, "त्या बाईले म्हना, पानी द्या!" आणि ती बाई पाणी देई... कयामतपर्यंत देत राहिली असती!

खरं काय झालं, ते रहमतबी आणि इंदुताई या दोघींनाच माहीत होतं. रहेमानला नव्हतं. त्या दिवशी नदीवरून आल्यावर त्याला नऊ दिवस असा ताप भरला, की उठला तेव्हा तो दिवस त्याच्या डोक्यातून पुसून गेला होता. हकीम म्हणाला होता, "पोराले खोल पान्यापासून दूर ठेवा. आठवलं तर झेपनार नाही." अल्लाहनं पुसलेलं आपण जपायचं, एवढंच रहमतबीनं त्या दिवसापासून आपलं काम मानलं.

आणि आता परवा रविवार होता!

शुक्रवारची नमाज झाली, जेवणं झाली, गॅरेज बंद होतं, म्हणून सगळे अंगणात बेत आखायला बसले. फिरदोस डब्यात काय न्यायचं ते ठरवत होती, उमेरा कोण खिडकीशी बसणार यावर भांडत होती. रहमतबीनं मनाशी बिस्मिल्ला केलं आणि सुरुवात केली.

"तशाच एका मासेघराची काच तडकली होती म्हनते. पानी गेलं वाहून, अन् मासे साऱ्या शहरात! एक तर बँकेत सापडला. लाईनीत उभा!"

"दादी! पासबुक होतं का त्याच्याजवळ?" उमेरा टाळ्या पिटत ओरडली.

"हसू नको! तिथं एक मोठा मासा असते. काळा. तो मानसं मोजते. वीस आत गेले, की बाहेर... बाहेर एकोनीस येते."

हे तिला विनोदानं म्हणायचं होतं. पण ते शब्द तोंडातून निघाले आणि तिच्याच अंगावर काटा आला. उमेरा मात्र तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "तो काळाच मासा पाहायचा मले! पह्यले तोच!"

रहमतबीचा धीर सुटला. "नका जाऊ!" ती एकदम ओरडली. "रहेमान बेटा, मी हात जोडतो... सर्कस पाहा, सिनेमा पाहा, पान्याकडं नको!"

रहेमाननं हातातला चहाचा कप खाली ठेवला. हळूच ठेवला, आणि त्या हळूपणाचंच तिला भय वाटलं.

"काहून नको, छोटी अम्मी? मले धरनावर जाऊ नाही देल्लं. पोहनं शिकू नाही देल्लं. या घरात मासोळी शिजू नाही देल्ली. आता माह्या पोरीलेबी? चूक तुमची झाली होती! तुमी कुरड्या घालत बसल्या, अन् माही बहीन गेली! त्याची सजा आमी किती पिढ्या भोगायची?"

"अहो, काय बोलून राह्यले!" फिरदोस घाबरून म्हणाली.

रहमतबीच्या डोळ्यांतून आसवं ओघळली, पण अंतरात एक विचित्र समाधानही होतं... रागावला आहे, म्हणजे अजून काही आठवलं नाही! रागाव बेटा, आणखी रागाव!

तेवढ्यात बापाचा राग घालवायला उमेरानं मोबाइल त्याच्यासमोर धरला. "अब्बू, हे पाहा ना! हेच आहे तिथलं!"

पडद्यावर हिरवं पाणी होतं. वरून ऊन झिरपत होतं, बुडबुड्यांचा गुडगुड आवाज येत होता, आणि रुपेरी मासे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वळत होते. रहमतबीनं फोन हिसकायला हात पुढे केला. पण हात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

रहेमानचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या मुठी आपोआप वळल्या... जणू तो काहीतरी ताणून धरत होता.

"हे मी पाह्यलं आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच, लहान मुलाचा होता. "खालून पाह्यलं आहे. ऊन असंच वरतून येत होतं. अन् पिवळी ओढनी... तुमची पिवळी ओढनी, छोटी अम्मी! मासे धरत होते..."

उन्हाळ्यात नदी आटली, की आर्णीची पोरं आईची ओढणी पळवतात आणि तिचीच जाळी करून चिंगळ्या, बोटाएवढे मासे, धरतात. एकानं एक काठ धरायचा, दुसऱ्यानं दुसरा, आणि पाण्यातून ओढत न्यायचं. एकट्याला ते जमत नाही. हे आर्णीत ज्याचे गुडघे कधी ओले झाले, त्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि त्या दिवशी डोहाकाठी ओली पिवळी ओढणी साऱ्यांनी पाहिली होती, तरी अतिया एकटी नसणार, हे तीस वर्षांत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं!

"एक काठ अतियाजवळ होता," रहेमान हळूहळू म्हणाला. "दुसरा कोनाजवळ होता?"

उमेरानं मोबाइल पालथा घातला.

"माह्याजवळ!" रहमतबी किंचाळली. "मी होतो तिथं! माह्या हातात होता! माह्या हातून सुटली ती, मी मारलं तिले, मी! तू नव्हता, बेटा, तू घरी होता, तुले ताप होता!"

ज्या बाईनं जन्मभर इतक्या बेमालूम थापा मारल्या, ती बाई आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या थापेला अशी चुकली!

"पन अम्मी," फिरदोस भांबावून म्हणाली, "तुमी तर इंदुताईकडं होत्या ना... कुरड्या..."

रहमतबीनं तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेले होते. दोन खोट्या गोष्टी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामधून सत्य चालत आलं.

रहेमान सरकत तिच्या पायांशी आला. "मीच नेलतो तिले," तो म्हणाला. "मीच. अन् तुमी... अकरा वर्सं अब्बानं तुमाले... मीच तो निरोप पोचवत होतो, या खुदा! 'त्या बाईले म्हना'... मी म्हनत होतो!" आणि मग, कोणालाही ऐकू येऊ नये इतक्या बारीक आवाजात, "मी काठ सोडला. म्हनून ती गेली."

हेच! याच एका वाक्याच्या भयानं ती माउली तीस वर्षं जळत होती! तिनं त्याचं डोकं छातीशी ओढलं आणि आजवर कधी बोलली नव्हती ते बोलली.

"नाही सोडला. ऐक! मी पोचलो तवा तू गळ्याएवढ्या पान्यात उभा होता. नाकातोंडात पानी जाऊन राह्यलं होतं, पन ओढनी तुह्या मुठीत होती. तिचा हात सुटला होता, बेटा, तुहा नाही. चार वर्साची होती ती. तुही मूठ मले एक एक बोट करून उघडावी लागली. तू सोडला नव्हता."

खरं होतं का हे? मला विचारू नका. मी त्या काठावर नव्हतो. रहेमाननं मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिची पापणी लवली नाही. तिला शपथ घालावी म्हणून त्यानं तोंड उघडलं... आणि मिटलं. तीस वर्षं जिनं त्याच्यासाठी खोटं पेललं, तिचं हे एक वाक्य न तपासता घेणं, एवढं तरी तिचं देणं त्याच्याकडे होतं!

"अम्मी," तो म्हणाला. नुसतं अम्मी. आणि मग तो पदरात तोंड खुपसून असा रडला, की उमेराही घाबरून रडू लागली.

बऱ्याच वेळानं उमेरानं नाक पुसत विचारलं, "मंग आता नाही जायचं का?"

रहेमाननं डोळे पुसले. "जायचं," तो म्हणाला. "सगळ्यायनं जायचं. अम्मी, तुमीबी."

रहमतबीनं त्याची बाही धरली. "मले लय भेव वाटते, बेटा."

"मलेबी," रहेमान म्हणाला. "म्हनूनच बाजूले बसा माह्या."