काळी चांगली की पांढरी

मोबाईल उलटे ठेवा आधी. तो उजेड तोंडावर पडला की तुम्हीच भुतासारखे दिसता, मग मला सांगायला मजा येत नाही.

हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलं. जुन्या गाड्यांचा मेकॅनिक आहे तो. त्याला थापा मारता येत नाहीत. येत असत्या तर गॅरेज केव्हाच मोठं झालं असतं.

त्याच्याकडे दोन सख्ख्या भावांच्या गाड्या यायच्या. थोरल्याची काळी. सहा सिलिंडर, दीड टन वजन, अंगाने जड पण चाल लोण्यासारखी. धाकट्याची पांढरी. चार सिलिंडर, वजनाला निम्मी, चढावर काळीला सहज मागे टाकायची. पण सुरू झाली की आरशापासून दारापर्यंत सगळं थडथडायचं. चांगली कोणती, यावर दोघं जन्मभर भांडले. थोरला काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास आपल्या चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवायचा. थेंब सांडायचा नाही. मग धाकट्याला म्हणायचा, "पळायला काय, कुत्रंही पळतं. हे करून दाखव, मग मान्य करीन."

मागच्या वर्षी थोरला गेला. काळीचं इंजिन तेव्हा साडूच्या गॅरेजात उतरवून साखळीला टांगलेलं होतं. ते टांगलेलंच राहिलं, आणि वादही.

नोव्हेंबरातला शनिवार. रात्री अकराला पांढरीचा नवा कार्बोरेटर बसवून झाला. ट्रायल घ्यायची ती जुन्या घाटात; नवा रस्ता झाल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही. धाकटा स्वतः चालवणार होता. निघताना त्याची बायको साडूला म्हणाली, "भाऊजी, यांच्या छातीत अधूनमधून दुखतं. यांना नीट परत आणायचं तुमच्याकडे लागलं."

"काळजी करू नका, वहिनी," साडू म्हणाला. बोलून बसला बिचारा.

गाडी मस्त चढत होती. धाकटा खूश. "आज दादाचं तोंड बघण्यासारखं झालं असतं!"

तेवढ्यात मागे दिवे दिसले. गोल, पिवळे. डावा जरा खाली झुकलेला. काळीचा तो झुकलेला दिवा साडूने स्वतः किती वेळा सरळ केला होता.

"साहेब, गाडी बाजूला घ्या."

धाकट्याने आरशात पाहिलं. "दादा..."

"इंजिन माझ्याकडे टांगलंय, साहेब. दुसरी कुणाची तरी असेल. जाऊ द्या तिला पुढे."

"ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत नाहीये रे..."

साडूने हँडब्रेक ओढला. सैल. किल्ली काढून घेतली. इंजिन चालूच. मागून आवाज नाही. हॉर्न नाही. नुसते दिवे... वळणामागून वळण... तेवढ्याच अंतरावर.

"दादा, पुरे ना... तुझी चांगली. तुझीच चांगली, दादा..."

माथ्यावर गाडी आपोआप थांबली. मागे अंधार. धाकट्याचे हात स्टिअरिंगवरच. साडूने हाका मारल्या. छाती दाबली. फोनला रेंज नाही. पुन्हा छाती दाबली... वहिनींना शब्द दिलेला, आणि माणूस हाताखाली गार पडत चाललेला. काही म्हणता काही करता येईना त्याला. हे सांगताना तो अजून रडतो.

शेवटी कुणी दिसतंय का बघायला तो उतरला. पांढरीचं इंजिन अजून चालू होतं. आरसा थडथडत होता. दारं थडथडत होती.

बॉनेटवर ग्लास होता. काठोकाठ भरलेला.

पाणी हलतसुद्धा नव्हतं.